रात्रपाळी आणि पहाटेचे वमन

कायचिकित्सा विषयात एम. डी. झालेल्या एक तरुण वैद्या गतवर्षी आमच्या चिकित्सालयात रुजू झाल्या. गुण उत्तम, संहितावाचन नेटके, रुग्णाशी बोलणे मृदू. किटिभाच्या एका रुग्णाचे स्नेहपान आम्ही त्यांच्यावर सोपविले. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी संकोचाने विचारले, "सर, हा आता सम्यक् स्निग्ध झाला असे म्हणावे का?" वातानुलोमन, दीप्ताग्नी, पुरीषाची स्निग्धता, अंगाचे मार्दव ही सारी लक्षणे त्यांना मुखोद्गत होती. ती एका देहावर दिवसागणिक उमटताना मात्र त्यांनी पाहिली नव्हती. तीन वर्षांत वमने किती पाहिलीत, असे आम्ही विचारले. "दोन," त्या म्हणाल्या, "दोन्ही घोळक्यात मागे उभे राहून."

दोष त्यांचा नव्हता. नव्या पिढीस बोल लावण्याची प्रथा अलीकडे आपल्या वर्तुळात बळावली आहे (आम्हीही तिला अपवाद नाही), म्हणून हे आरंभीच नमूद करतो. या वैद्या तीन वर्षे एका खाजगी रुग्णालयात रात्रपाळी करीत होत्या. सलाईन लावणे, ईसीजी वाचणे, अत्यवस्थ रुग्णाच्या नातलगांना धीर देणे हे सारे त्यांना उत्तम जमते. विद्यावेतन वेळेवर न मिळणाऱ्या विद्यार्थ्याने घरभाडे कशातून द्यावे, याचे उत्तर आपणापाशी नसेल, तर त्या रात्रपाळीस नावे ठेवण्याचा अधिकारही आपणास नाही.

परंतु हानी नेमकी कोठे होते, हे पाहणे अगत्याचे आहे. वमन हे कफकाली, सकाळी करावयाचे कर्म. त्यापूर्वी दीपन-पाचन, मग तीन ते सात दिवस वर्धमान मात्रेत स्नेहपान, एक दिवस अभ्यंग-स्वेदन आणि कफोत्क्लेशक आहार. प्रत्यक्ष कर्माच्या दिवशी आकंठ पान, मदनफलाचा योग, वेगांची गणना, पित्तान्ताकडे लक्ष. प्रवर शुद्धी झाली तर पुढे सात दिवस संसर्जन. म्हणजे एका रुग्णापाठी पंधरवड्याहून अधिक काळ. हे शिक्षण सलग आहे. ते तुकड्यांनी घेता येत नाही. रात्रभर दुसऱ्या रुग्णालयात जागलेला विद्यार्थी नऊच्या सुमारास महाविद्यालयात पोहोचतो, तेव्हा वेग मोजून झालेले असतात. त्याच्या नोंदवहीत वेगांची संख्या येते. आठ वेगांनंतरची रुग्णाची मुद्रा येत नाही.

आधुनिक वैद्यकातील निवासी डॉक्टरांचे गाऱ्हाणे याच्या नेमके उलट आहे. १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेने आठवड्यास ४८ तास व सलग बारा तासांहून अधिक काम नसावे असे म्हटले असले, तरी छत्तीस छत्तीस तास उभे राहण्याच्या त्यांच्या तक्रारी आपण ऐकतोच. त्यांचा निवासी रुग्णांच्या भाराखाली दबतो. आपला रुग्णावाचून कोरडा राहतो. केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेच्या २०१६ च्या मानकांत महाविद्यालयीन रुग्णालयाच्या सरासरी ४० टक्के खाटा भरलेल्या असणे पुरेसे मानले होते. परिषद जाऊन २०२१ मध्ये आयोग आला. परंतु कोणतेही मानक रुग्णास खाटेपर्यंत आणून सोडीत नाही.

शल्य-शालाक्याची गोष्ट अधिक नाजूक. नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेने शल्याची ३९ व शालाक्याची १९ अशी ५८ कर्मे पदव्युत्तर प्रशिक्षणात स्पष्टपणे नमूद केली. त्यावर देशभर वाद झाला, आपण सर्वांनी हिरिरीने पत्रके काढली. त्या ५८ पैकी प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती गुरूच्या देखरेखीखाली किती आली, हा प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारला नाही; आम्हीही नाही. सुश्रुताचार्यांनी योग्यासूत्रीय अध्यायात छेदनासाठी कोहळा-भोपळा, वेधनासाठी मृत पशूंच्या शिरा व कमलनाल, सीवनासाठी जाड वस्त्र व मृदू चर्म सांगितले. शास्त्र पढलेल्यासही हाताचा सराव हवा, हे त्यांस कोणी अधिसूचनेने सांगितले नव्हते.

आता आपल्याकडे वळू. खाटा रिकाम्या राहण्यास आपणही कारण आहोत. जीर्ण त्वग्विकाराचा, आमवाताचा रुग्ण आपण वर्षानुवर्षे चूर्ण-गुग्गुळावर ठेवतो. शोधनास योग्य असूनही महाविद्यालयात धाडीत नाही, कारण तो परत येणार नाही अशी धास्ती असते. आमची सूचना साधी आहे. प्रत्येक सभासदाने वर्षातून दोन शोधनार्ह रुग्ण नजीकच्या महाविद्यालयात पाठवावेत, मात्र एका अटीवर: स्नेहपानाच्या पहिल्या दिवसापासून संसर्जनाच्या अखेरच्या दिवसापर्यंत एकच पदव्युत्तर विद्यार्थी त्या रुग्णासोबत असावा, त्या काळात त्यास रात्रपाळी नसावी, आणि रुग्ण त्याच्या हस्ताक्षरातील टिपणासह आपल्याकडे परतावा. पंधरा दिवसांच्या बुडीत पगाराची तजवीज संघटनेने निधीतून करावी. रक्कम मोठी नाही. वार्षिक स्नेहसंमेलनाच्या भोजनखर्चात ती बसेल.

औषधी निर्मात्यांकडेही मागणे आहे. रसशास्त्र-भैषज्यकल्पनेचा विद्यार्थी प्रबंधापुरते द्रव्य न्यावयास तुमच्या दारी येतो आणि पावती घेऊन जातो. त्यास कढईजवळ उभे करा. तेलात फेन केव्हा येतो, घृतात तो केव्हा शमतो, वर्ती चटचट न करता केव्हा जळते, हे त्याने दहा घाण्या होईतो पाहावे. उत्पादनाच्या गोपनीयतेची भीती आम्ही समजतो. परंतु मध्यम पाकाचे रहस्य कोणत्याही कंपनीच्या मालकीचे नाही.

आमच्याकडील त्या वैद्यांनी रुग्णाचे वमन सातव्या दिवसाच्या स्नेहपानानंतर केले. एकूण सहा वेग आले, मध्यम शुद्धी. रात्री त्यांनी चार पाने टिपण लिहिले. त्याची प्रत संघटनेच्या कार्यालयात ठेवली आहे. ज्यांना नमुना हवा असेल त्यांनी मागवून घ्यावी.