काखेतली दोरी आणि आपलं सोसणं



स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बाईला घरीदारी एकच सल्ला मिळतो, "हात अजिबात हलवू नकोस." माझं मत उलट आहे. डॉक्टरांनी हो म्हटलं की हात हलवायलाच हवा.

या ऑपरेशनात काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्या, तर पुढच्या काही आठवड्यांत काहीजणींच्या काखेत कातडीखाली ताणलेल्या दोऱ्या दिसू लागतात. कधी त्या कोपरापर्यंत जातात, क्वचित मनगटापर्यंत. वेणी घालताना, फळीवरचा डबा काढताना, देवळातल्या घंटेला हात लावताना कळ येते. डॉक्टर याला 'कॉर्डिंग' किंवा 'अ‍ॅक्झिलरी वेब सिंड्रोम' म्हणतात. तिथल्या बारीक लसिकावाहिन्यांना इजा होऊन त्या गोठतात, आक्रसतात, असं कारण मानलं जातं. दोरी दिसली म्हणजे कॅन्सर परत आला, असं नाही. तरी डॉक्टरांना दाखवायचंच.

पण आपण दाखवत नाही. एक तर जागा लाजेची. दुसरं म्हणजे "असाता वेदनीय कर्माचा उदय आहे, समतेने भोगावं." समता हवीच, पण ती मनाची. उपचार टाळणं म्हणजे समता नव्हे. आपल्या चार दानांत औषधदान आहे, आजाऱ्याची सेवा म्हणजे वैयावृत्त्य हे अंतरंग तप आहे. दुसऱ्याला औषध देणं पुण्य, मग स्वतः घेण्यात संकोच कसला?

उपचारही अवघड नाहीत. फिजिओथेरपिस्ट हळूहळू ताण देणारे व्यायाम शिकवतात, उदाहरणार्थ भिंतीवर बोटं चढवत हात वर नेणं. हलक्या हाताने तिथली कातडी आणि दोरी सैल करतात. बहुतेकींना तीनेक महिन्यांत आराम पडतो, काहींना जास्त वेळ लागतो. घरी कुणाकडून जोरात चोळून घेऊ नका. गरम शेकही विचारल्याशिवाय नको, कारण तिथली जागा बधिर असते, भाजलेलं कळत नाही. हात सुजला, लाल झाला किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आणि सासूबाई, जाऊबाई, सुनांनो, तिच्या हातातलं काम काढून घेतलं की सेवा झाली असं समजू नका. व्यायामाच्या वेळी दहा मिनिटं तिच्याजवळ बसा.