पहिले बाळ कशाने गेले?

निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातून यमुनानगरकडे निघाले, की रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबच्या पाट्या दिसू लागतात. तिथल्या कागदांवर ‘एडीए’ ही अक्षरे काही घरांनी पाहिलेली असतील. छातीत पाणी झाले की डॉक्टर त्यातले एडीए मोजायला सांगतात. आकडा ४०च्या वर गेला की क्षयाचा संशय बळावतो. एडीए म्हणजे ॲडिनोसिन डिॲमिनेज हे विकर, अर्थात एन्झाइम. क्षयाच्या पाण्यात वाढतो तो बहुतांशी त्याचा चुलतभाऊ, वेगळ्या जनुकातून आलेला. आज बोलायचे आहे ते विसाव्या गुणसूत्रावरच्या मूळ एडीए जनुकाबद्दल.

गुडघे-अंगठे धरणाऱ्या युरिक ॲसिडची ओळख आपल्याला करून द्यायला नको. पेशी मोडल्या की त्यांच्या डीएनएतले प्युरिन नावाचे घटक सुटे होतात आणि टप्प्याटप्प्याने युरिक ॲसिड होऊन बाहेर पडतात. त्यातला एक टप्पा एडीए सांभाळते. ते नसेल तर डीऑक्सिॲडिनोसिन नावाचा पदार्थ तुंबतो. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी तो आत घेऊन त्याचे असे रसायन करतात, की नवा डीएनए बनणेच थांबते. गल्लीतला कचरा उचलला नाही म्हणून पहारेकरीच गुदमरून मरावा, तसे हे आहे. अशा बाळाला प्रतिकारशक्ती जवळजवळ नसतेच.

हा संबंध सापडला तो १९७२ साली, आणि तोही दुसरेच काही शोधताना. अमेरिकेत सिॲटलला रक्तगटांवर काम करणाऱ्या एलोइज गिब्लेट यांना प्रतिकारशक्ती नसलेल्या दोन मुलींच्या रक्तात एडीए आढळलेच नाही. पुढे १४ सप्टेंबर १९९० रोजी, जनुक-उपचाराचा पहिला मान्यताप्राप्त प्रयोग झाला तो याच आजाराच्या चार वर्षांच्या मुलीवर. युरोपने असा उपचार २०१६मध्ये मंजूर केला; त्याची किंमत मात्र आपल्यासारख्यांनी विचारू नये अशी आहे.

आजार विरळा, काही लाख जन्मांत एखादा. मग रविवारी सकाळी त्याची चर्चा कशाला? कारण सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून यावे लागते, आणि मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडे अजून गेलेली नाही. एकाच आजोबांकडून आलेला दोष नातवंडांत पुन्हा एकत्र येतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला चारांत एक बाळ आजारी असण्याची शक्यता. पहिले बाळ गेले म्हणजे ‘वाटा’ संपला, असा हिशेब इथे नसतो.

आपल्याकडे बाळाला जन्मताच बीसीजी टोचतात. लस जिवंत जंतूंची. सर्वसाधारण बाळाला ती हवीच, कुणी टाळू नये. पण ज्याच्याकडे लिम्फोसाइटच नाहीत, त्याच्या अंगभर तेच जंतू पसरू शकतात. म्हणून ज्या घरात आधीचे मूल तान्हेपणी वारंवार न्यूमोनिया, जुलाब, तोंडातली बुरशी अशा दुखण्यांनी गेले, तिथे बाळंतपणाआधीच डॉक्टरांच्या कानावर घालावे. लस द्यावी की थांबावे, हे ते ठरवतील. निगडी-चिखलीच्या घरांत नेमके हेच राहून जाते. पहिले बाळंतपण माहेरी, सोलापूर किंवा बीडकडे. कागद तिथेच राहतात. दुसरे इथे, आणि गेलेल्या लेकराचे नाव काढायचे नाही ही सासूबाईंची शिस्त. त्यांचा हेतू वाईट नसतो, पण डॉक्टरला कळणार कसे?

पहिली तपासणी साधीच आहे, सीबीसी. एकूण पांढऱ्या पेशी ६००० आणि लिम्फोसाइट २० टक्के, म्हणजे १२००. मोठ्या माणसाला चालेल असा आकडा. तान्ह्या बाळात मात्र तो २५००-३०००च्या खाली गेला तर बालरोगतज्ज्ञ सावध होतात. शेजारी छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा मोठ्यांची असली, तर बाळाचे १२०० त्यात बिनबोभाट बसून जातात. लॅबवाल्यांनी बाळाच्या रिपोर्टावर बाळाचीच मर्यादा छापावी, एवढी मागणी करायला कुठल्या आयोगाची गरज नाही.

पुढच्या तपासण्या मुंबईत परळला, केईएमच्या आवारातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीत होतात. हिची सुरुवातही १९५७ साली रक्तगटांच्या केंद्रानेच झाली होती. उपाय म्हणजे जुळणाऱ्या दात्याच्या मूळ पेशींचे रोपण. केंद्राच्या २०२१च्या दुर्मीळ आजार धोरणात अशा बाळांचा समावेश आहे. अमेरिकेतल्या सर्व राज्यांत २०१८च्या अखेरीपासून प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेच्या रक्ताच्या थेंबावर प्रतिकारशक्तीची चाचणी होते. आपल्याकडे सरसकट तशी सोय नाही. तोवर गर्भवतीच्या कार्डावर ‘आधीचे मूल दगावले का, कशाने’ हा रकाना नीट विचारून भरला जावा.

उत्तर अमेरिकेतला २०१४चा एक अभ्यास आहे. प्रतिकारशक्तीच नसलेल्या ज्या बाळांचे रोपण साडेतीन महिन्यांच्या आत झाले, त्यांतली शंभरात ९४ पाच वर्षांनंतरही हयात होती. हे साडेतीन महिने जन्मापासून मोजायचे आहेत, पहिल्या न्यूमोनियापासून नव्हे.