तोंड बाहेर, पाठ भिंतीला

एकादशी स्मार्त की भागवत, हा वाद पंचांगाने दोन्ही छापून केव्हाच मिटवला. आमच्या वसाहतीतला वाद मात्र मिटत नाही. येथे एक पंथ मोटारीचे नाक थेट भिंतीला टेकवतो आणि जिना चढू लागतो. दुसरा पंथ थांबतो, मागे पाहतो आणि गाडी उलटी आत घालतो. पहिले लोक दुसऱ्यांना भित्रे म्हणतात. मी त्या भित्र्यांपैकी एक, आणि ऐन सणासुदीत भांडायला उभा आहे.

"एकदा तरी उलटे जावेच लागते ना? मग आत्ता काय नि मग काय!" असा त्यांचा सवाल. पण वाचकहो, आत शिरताना आपण ती मोकळी जागा नुकतीच डोळ्यांनी पाहिलेली असते. मागे भिंत असते आणि भिंत काही धावत येत नाही. निघताना मात्र दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या गाड्या. आपली अर्धी गाडी बाहेर आल्याखेरीज येणारेजाणारे दिसत नाही. शिवाय वळतात ती पुढची चाके. म्हणून उलटे जाताना गाडीची पाठ अरुंद जागेत नेमकी बसवता येते आणि नाक मागाहून सरळ करता येते.

"एस. टी. नाही का फलाटाला तोंड लावून उभी राहत?" राहते, पण निघताना मागे कंडक्टर उभा राहून शिटी वाजवतो. तुमच्या मागे कोण असतो?

इंग्लंडच्या 'हायवे कोड'चा 201वा नियमही हेच सांगतो: घराच्या आवारात शक्य तर उलटे शिरा, सरळ निघा. आपल्याकडे 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींना मागचा अडथळा ओळखून ओरडणारे यंत्र सक्तीचे झाले. यंत्र चांगले, पण ऐकणारा मी कसा, ते सांगतो.

तीन वर्षांपूर्वी, वसुबारसेच्या संध्याकाळी फराळाचे सामान घेऊन आलो आणि घाईत नाक भिंतीला लावून मोकळा झालो. सकाळी गाडी मागे घेऊ लागलो. यंत्र ओरडत होते. समोरच्या रांगेतल्या गाड्यांसाठी ते रोजच ओरडते, म्हणून मी तिकडे लक्ष दिले नाही. इतक्यात वरच्या गॅलरीतून किंकाळी आली. ब्रेक दाबला, उतरलो. मागच्या चाकापासून हातभर अंतरावर शेजाऱ्यांची धाकटी किल्ल्यासाठी माती कालवत बसली होती. तिने वर पाहिलेसुद्धा नाही. मी मात्र तेथेच मटकन खाली बसलो.

विरुद्ध पक्षाची एक हरकत मला मान्य आहे. तळमजल्यावर स्वयंपाकघराची खिडकी असेल, तर धूर आत जातो. तेथे नाक आत ठेवा. पण निघताना घरातल्या कुणाला तरी मागे उभे करा. बाकी सगळीकडे एक मिनिट आधी मोजा. कसेही निघा, आधी गाडीभोवती एक चक्कर मारा.

दिवाळी आली आहे. अंगणात किल्ले उभे राहतील, मावळे मांडले जातील, आणि मांडणारे सगळे उकिडवे बसलेले असतील. त्यांची उंची आपल्या डिकीहून कमी आहे. एवढे ध्यानात ठेवा, मग मला खुशाल भित्रा म्हणा.