तहानेच्या नावावर जंगल बुडवू नका

बुंदेलखंडाच्या तहानेबद्दल बोलताना जीभ जपून वापरली पाहिजे. मी मराठवाड्यातला माणूस आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. म्हणून केन-बेतवा नदीजोड प्रकल्पाला विरोध केला की "तुम्हाला वाघ प्यारे, माणसे नाहीत" असे जे सुनावले जाते, ते मला मान्य नाही. माझा विरोध तहानलेल्यांना पाणी देण्याला नाही. त्या पाण्याच्या नावाने जे चालले आहे, त्याला आहे.

आधी प्रकल्प समजून घेऊ. मध्य प्रदेशात केन नदीवर दौधन येथे ७७ मीटर उंचीचे धरण बांधायचे आणि २२१ किलोमीटर लांबीच्या कालव्याने पाणी बेतवेच्या खोऱ्यात न्यायचे. खर्च ४४,६०५ कोटी रुपये. २५ डिसेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी खजुराहोत त्याची पायाभरणी केली. १० लाख हेक्टरांहून अधिक सिंचन आणि ६२ लाख लोकांना पिण्याचे पाणी, असे सरकार सांगते.

आता किंमत पाहा. धरणाची जागा पन्ना व्याघ्र प्रकल्पाच्या आत आहे. सुमारे ९,००० हेक्टर जमीन पाण्याखाली जाईल, त्यातली ५,८०३ हेक्टर पन्नाच्या गाभा क्षेत्रातली आहे. म्हणजे गाभ्याचा दहावा हिस्सा. केनच्या कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत, खालच्या बाजूला घडियाल मगरींचे अभयारण्य आहे. झाडांची मोजदाद तर लाखांत जाते.

याच पन्नात २००९ साली एकही वाघ उरला नव्हता. शिकारीने सगळे संपवले होते. त्याच वर्षी बांधवगड आणि कान्हातून वाघिणी आणल्या, पेंचमधून एक नर आणला. तो नर दक्षिणेला आपल्या जुन्या घराच्या दिशेने चालत सुटला. वनकर्मचाऱ्यांनी हत्ती घेऊन महिनाभर माग काढला आणि त्याला परत आणले. एप्रिल २०१० मध्ये पहिले बछडे जन्मले. आज तिथे पन्नासच्या वर वाघ आहेत. ज्या सरकारी यंत्रणेने हे घडवले, तीच आज ते जंगल बुडवण्याच्या कागदावर सही करते. मग कोणत्या जंगलाला आपण सुरक्षित म्हणायचे?

"जितके जंगल जाईल तितके दुसरीकडे लावू" हे उत्तर नेहमीचेच. रोपे लावता येतात. नदीचा कडा, त्यावरचे घरटे आणि वाघाची पिढ्यानपिढ्यांची वाट लावता येत नाही.

पाण्याचा हिशेबही मला पटत नाही. केन आणि बेतवा शेजारच्या नद्या. दोन्ही विंध्याच्या परिसरातून निघून यमुनेला मिळतात, दोन्हींवर एकच मोसमी पाऊस पडतो. एकीकडे दुष्काळ आणि त्याच वर्षी शेजारी भरपूर पाणी, असे किती वेळा होणार? केनमध्ये खरोखरच जादा पाणी असेल तर त्याचे सगळे आकडे लोकांसमोर ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने २०१९ च्या अहवालात या प्रकल्पावर गंभीर आक्षेप घेतले. तरी २०२३ मध्ये वनजमिनीची अंतिम मंजुरी मिळाली. शिवाय लाभाच्या यादीत विदिशा आणि रायसेन आहेत. हे जिल्हे बुंदेलखंडात येत नाहीत. मग भाषणात बुंदेलखंडाचेच नाव कशासाठी?

आणि माणसांचे काय? बुडणाऱ्या गावांत गोंड, कोल अशी आदिवासी कुटुंबे राहतात. वाघासाठी हला, असे त्यांना वर्षानुवर्षे सांगण्यात आले. आता धरणासाठी हला, असे सांगतात. "माणूस की वाघ" हा वादच खोटा आहे. इथे दोघेही एकाच पाण्यात बुडणार आहेत.

महाराष्ट्राने हे दुरून बघू नये. आपल्याकडे वैनगंगा-नळगंगा जोडणीची तयारी सुरू आहे, आणि तिचे पाणी गोसीखुर्दहून यायचे आहे. त्या गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ साली झाली तेव्हा खर्च ३७२ कोटी होता. तो पुढे १८ हजार कोटींच्या वर गेला आणि शेतकरी दशकानुदशके कालव्याकडे डोळे लावून बसला. मोठे धरण आणि मोठे आश्वासन यांचा अनुभव आपल्या गाठीशी आहे.

पर्याय त्याच मातीत आहे. चंदेल राजांनी महोब्यात मदनसागर, कीरतसागर यांसारखे तलाव बांधले. साऱ्या बुंदेलखंडात असे जुने तलाव आहेत, कित्येक गाळाने भरलेले, कित्येक अतिक्रमणाने गिळलेले. त्यांचा गाळ काढा, अतिक्रमणे हटवा, पाणलोटाची कामे करा, पाणी पिणारी पिके बदला. यातून भव्य कोनशिला उभी राहत नाही, पण गावाला लवकर पाणी मिळते.

काहीजण म्हणतील, आता काम सुरू झाले, बोलून काय उपयोग? केरळच्या सायलेंट व्हॅलीतल्या धरणालाही १९७३ मध्ये नियोजन आयोगाची मंजुरी होती. लोक बोलत राहिले, दहा वर्षांनी प्रकल्प सोडून द्यावा लागला आणि तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. सरकारी मंजुरी म्हणजे अखेरचा शब्द नव्हे. जंगल उभे आहे तोवर बोलता येते. ते पाण्याखाली गेल्यावर फक्त हळहळता येईल.