बोट लागते, घोडा लागत नाही

एप्रिल महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी चार वाजता लिव्हरपूलजवळच्या एन्ट्रीच्या मैदानावर ग्रँड नॅशनलची रेस सुटते. चौतीस घोडे, तीस अडथळे आणि जवळजवळ सात किलोमीटरची दौड. त्या वेळी कॅरिबियन समुद्रातल्या बोटीवर सकाळचे अकरा वाजलेले असतात. वर्षभर पैसे साठवून, घरच्या कटकटी आणि इंग्लंडची हवा मागे टाकून जे पेन्शनर तेथे ऊन खायला गेलेले असतात, त्यांतले पुष्कळसे त्या घटकेला उन्हात नसतात. ते पडद्यापुढे असतात, आणि काहींच्या हातात फोन असतो. पडदा सगळ्यांचा; फोनमधली पैज ज्याची त्याची.

मराठीतले ‘लागणे’ हे क्रियापद अशा वेळी फार उपयोगी पडते. बोट लागते तेव्हा पोटात ढवळते. घोडा लागतो तेव्हा खिसा भरतो. नाद लागतो तेव्हा काय होते, हे मात्र ज्याला तो लागला त्याला सर्वांत शेवटी कळते. पहिल्या लागण्यावर गोळी मिळते, दुसरे क्वचितच घडते. प्रश्न तिसऱ्याचा आहे, आणि तो क्रूझसारख्या निव्वळ चैनीच्या जागी उपस्थित करावा लागतो याचे कारण असे की, नादाला सक्तीची सुट्टी देणारी ही जवळजवळ शेवटची जागा उरली होती.

रेसला जाणारा माणूस म्हणजे वाया गेलेला माणूस, हा आपल्या मध्यमवर्गाचा जुना समज. तो येथे उगाळायचा नाही. मद्रासच्या रेस क्लबसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगून टाकले आहे की, घोड्यांची शर्यत हा केवळ नशिबाचा खेळ नसून त्यात कौशल्याचा भाग प्रमुख आहे. घोड्याचे कूळ, त्याच्या पाठीवरचे वजन, जॉकी, ट्रेनर, मैदान ओले आहे की कोरडे, याचा अभ्यास करून पैज लावणारा आणि स्वप्नात दिसलेला आकडा लावणारा यांत अंतर आहेच. महालक्ष्मीचे मैदान १८८३ पासून मुंबईच्या जीवनाचा भाग आहे. पहिली इंडियन डर्बी १९४३ मध्ये झाली आणि बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ या घोडीने ती जिंकली. ज्यांना यातले कळते त्यांचा आनंद खरा आहे, आणि त्याबद्दल त्यांनी इतरांपुढे मान खाली घालण्याचे कारण नाही.

समुद्र आणि पैज यांचे नातेही आजचे नव्हे. पी अँड ओच्या ज्या बोटींनी साहेब मुंबईला येत-जात, त्यांच्या डेकवर लाकडी घोड्यांच्या शर्यती होत. पट्टे आखायचे, फासे टाकायचे आणि पडेल त्या दानाप्रमाणे घोडा तितकी घरे पुढे सरकवायचा. प्रवासीच घोड्यांचे मालक होत, घोड्यांना चावट नावे ठेवत, तिकिटे विकली जात आणि गोळा झालेल्या पैशातला काही भाग अनेकदा खलाशांच्या मदतनिधीला जाई. दुसरा खेळ याहून जड होता. काल दुपारी बारापासून आज दुपारी बारापर्यंत बोटीने किती मैल कापले, यावर लिलाव करून मोठ्या रकमा लावल्या जात. रोआल्ड डाल यांची ‘डिप इन द पूल’ ही कथा याच खेळावर आहे. वादळामुळे बोट मंदावणार या हिशेबाने एक गृहस्थ गाठीची सारी पुंजी कमी मैलांवर लावतात, सकाळी उठून पाहतात तो समुद्र शांत आणि बोट जोरात. तेव्हा तिला थांबवण्यासाठी ते स्वतःच पाण्यात उडी घेतात. पुढचे ज्यांनी वाचलेले नाही त्यांच्यासाठी येथे सांगत नाही.

म्हणजे बोटीवरचा जुगार काही सात्त्विक होता असे नाही. पण त्याला चार भिंती होत्या. खेळ सर्वांसमोर चाले, ठरलेल्या वेळी संपे, आणि कोण किती हरला हे रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना ठाऊक असे. हरणाऱ्याला थांबवणारे कोणी ना कोणी शेजारी बसलेले असे, निदान त्याची बायको तरी. ऑस्ट्रेलियात अजूनही नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मेलबर्न कपच्या दिवशी कचेऱ्याकचेऱ्यांतून, क्लबांतून आणि बोटींवरही जे चालते ते याच जातीचे. टोपीत चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याच्या हाती जो घोडा येईल तो त्याचा, आणि तीन हजार दोनशे मीटर संपले की वर्षभराचा खेळ संपला. एरवी घोड्याची शेपटी कोणत्या बाजूला असते हे ज्यांना ठाऊक नसते, तेही त्या दिवशी ओरडून घेतात. यातून कोणाचे घर बुडाल्याचे ऐकिवात नाही.

जमिनीवरच्या शर्यतींची गोष्ट वेगळी. बोट बंदरातून सुटली की त्यांच्याशी संबंध तुटे. बिनतारी संदेश आल्यावर कुनार्ड कंपनीने १९०३ मध्ये अटलांटिकवरच्या आपल्या बोटीवर रोजचे छोटे वृत्तपत्र छापायला घेतले, आणि पुढे डर्बी कोणी मारली हे भर समुद्रात कळू लागले. पण कळणे वेगळे आणि खेळणे वेगळे. तारेचा खर्चच असा की किरकोळ पैज लावणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. रेसचा अट्टल शौकीनही बोटीवर पाय ठेवला की पंधरा दिवस निव्वळ वाचक होई. निकाल वाचायचा, हळहळायचे, आणि आपण असतो तर कोणता घोडा घेतला असता यावर बारमध्ये वाद घालायचा. त्यात पैसे जात नसत. उलट ‘मी असतो तर’ या सदराखाली माणूस नेहमी जिंकतोच.

हा खंड कोणी नीतिमत्ता म्हणून घातलेला नव्हता. तो अंतरामुळे आपोआप पडत होता, आणि म्हणूनच तो परिणामकारक होता. उपदेशाने जे साधत नाही ते समुद्राने साधत होते. जमिनीवरही असेच खंड असत. मुंबईचा हंगाम हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यात संपे, मग पावसाळ्यात घोडे पुण्याला जात. पुण्याला जायचे तर गाडी पकडावी लागे, रजा काढावी लागे, घरी काहीतरी सांगावे लागे. घोडामैदान जवळ असणे ही आपल्याकडे कसोटीची वेळ जवळ येण्याची खूण आहे. येथे ते दूर असणे हीच माणसाची सुरक्षितता होती. पुढे इतर शहरांतल्या शर्यतींवरही आपल्या शहरात बसून पैसे लावता येऊ लागले आणि हंगाम वर्षभराचा झाला. तरी खिडकीपाशी रांग होती, खिडकी संध्याकाळी बंद होत होती.

ब्रिटनमध्ये हे बांध एकेक करून कसे सुटले ते पाहण्यासारखे आहे. मैदानाबाहेर रोखीने पैज लावणे तेथे बेकायदा होते. १ मे १९६१ पासून बेटिंगची दुकाने कायदेशीर झाली. पुढे टेलिफोन आला. सरकार पैज लावणाऱ्याकडून कर घेत होते, त्यामुळे १९९९ मध्ये व्हिक्टर चँडलर या बड्या बुकीने आपला कारभार जिब्राल्टरला हलवला आणि इतरही त्याच मार्गाला लागले. बुकीच समुद्रापार गेले! तेव्हा २००१ मध्ये सरकारने पैजेवरचा तो कर उठवला आणि त्याऐवजी बुकीच्या ढोबळ नफ्यावर १५ टक्के आकारायला सुरुवात केली. मग इंटरनेट आले आणि दुकानाचीही गरज उरली नाही. तरीसुद्धा समुद्र शिल्लक होता. बोटीवरचे इंटरनेट इतके महाग आणि इतके मंद होते की फोटो पाठवायलाही अर्धा तास लागे. २०२२ पासून मोठ्या क्रूझ कंपन्यांनी स्टारलिंकचे उपग्रह जोडून घेतले आणि तो बांधही गेला. आता घोडा पळताना दिसतो आणि तो पळत असताना त्याचा बदलता भावही दिसतो.

येथे कायद्याचा प्रश्न येतो आणि कायदा नेहमीप्रमाणे वरातीमागून घोडे या चालीने येतो. किनाऱ्यापासून बारा सागरी मैल ओलांडले की बोटीवर तिच्या निशाणाचा देश चालतो. हे निशाण बहामाचे असेल, पनामाचे, माल्टाचे किंवा बर्म्युडाचे. कुनार्डसारख्या अस्सल इंग्रजी कंपनीनेसुद्धा २०११ मध्ये आपल्या बोटींची नोंदणी साउदॅम्प्टनहून बर्म्युडाला हलवली, त्यामागे भर समुद्रात प्रवाशांची लग्ने लावता यावीत हाही एक हेतू होता. लग्नाचे जे, तेच जुगाराचे. एन्ट्रीला पळणाऱ्या घोड्यावर, जिब्राल्टरच्या कंपनीत, अमेरिकन उपग्रहामार्फत, बहामाच्या बोटीवरून ब्रिस्टलच्या माणसाने पैसे लावले, तर ती पैज कोणत्या देशात लागली? परवानाधारक कंपन्यांची ॲप जागा तपासतात आणि पुष्कळदा अशा वेळी पैज नाकारतात. परवाना नसलेल्या कंपन्या असली चौकशी करत बसत नाहीत. कोणाचे फावते हे उघड आहे.

ब्रिटनमध्ये ‘गॅमस्टॉप’ नावाची एक शहाणपणाची व्यवस्था आहे. ज्याला आपला हात आवरत नाही असे वाटते, त्याने एकदा नाव नोंदवायचे. मग सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षे ब्रिटनच्या परवान्याखालची कोणतीही ऑनलाइन कंपनी त्याची पैज घेत नाही. २०२० पासून हे सर्व कंपन्यांना बंधनकारक आहे. माणसाने शुद्धीवर असताना पुढच्या बेशुद्धीचा बंदोबस्त करून ठेवायचा, अशी ही कल्पना. पण तिचे हात ब्रिटिश परवान्याइतकेच लांब. बोटीवरचा कॅसिनो त्यात येत नाही, बिनपरवान्याची कंपनीही येत नाही. घरी बसून ज्याने स्वतःला बांधून घेतले, तो सुट्टीवर निघाला की मोकळा होतो. तोच खोलीचे कार्ड हातात घेऊन कॅसिनोच्या दारात उभा राहतो. नोटा मोजाव्या लागत नाहीत, हिशेब शेवटच्या दिवशी.

आपल्याकडे हा प्रश्न परदेशाचा म्हणून सोडून देता येईल अशी स्थिती राहिलेली नाही. मुंबईहून गोव्याला, लक्षद्वीपला क्रूझ जाऊ लागल्या, मध्यमवर्गीय कुटुंबे लग्नाचा वाढदिवस बोटीवर करू लागली. आणि रेसच्या बाबतीत आपल्या सरकारने जे धोरण धरले आहे ते ब्रिटनने २००१ मध्ये सोडून दिलेल्या चुकीसारखेच आहे. पैजेच्या पूर्ण रकमेवर वस्तू व सेवा कर घेण्याचा नियम २०१८ मध्ये आला, त्यावर न्यायालयांत झगडे झाले, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर २८ वरून ४० टक्क्यांवर गेला. याचा अर्थ पाहा. शंभर रुपयांच्या पैजा आल्या आणि त्यांतले ऐंशी जिंकणाऱ्यांना वाटले, तर ब्रिटिश सरकार उरलेल्या विसांवर कर घेते, म्हणजे तीन रुपये. आपले सरकार शंभरांवर घेते, म्हणजे चाळीस. क्लबाच्या हाती विसातले जे उरते त्यातून हे भागणार नाही, तेव्हा ओझे खेळणाऱ्यावर येते. फोनवरच्या बेकायदा बुकीला हा कर लागू नाही. तो उधारीही देतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध केंद्राने २०२५ मध्ये कायदा केला तो ठीकच. पण उघड्या खिडकीवर इतका कर बसवायचा की माणसाने अंधाऱ्या बोळातल्या खिडकीकडे वळावे, याला आवर घालणे म्हणत नाहीत.

उघड्या खिडकीचा उपयोग काय असतो ते १९९३ च्या ग्रँड नॅशनलने दाखवले. सुरुवातच चुकली, अर्धेअधिक जॉकी ते न कळता पळत राहिले, आणि अखेर शर्यत रद्द ठरली. बुकींनी सुमारे साडेसात कोटी पौंडांच्या पैजा परत केल्या. बोळातल्या बुकीकडे अशा वेळी पैसे मागायला कोण जाणार, आणि मिळाले नाहीत तर फिर्याद कोणत्या ठाण्यावर नोंदवणार?

बंदी घालून हे सुटेल असे वाटत नाही, आणि उपग्रह काही परत खाली आणता येणार नाहीत. पण समुद्र जो खंड आपोआप घालत होता तो मागणाऱ्याला तरी मिळावा, एवढे करणे अवघड नाही. क्रूझ कंपन्या इंटरनेटची वेगवेगळ्या दरांची पॅकेजेस विकतात. कोणाला नुसते निरोप पाठवायचे असतात, कोणाला सिनेमे पाहायचे असतात. पैजेची दालने बंद ठेवलेले एक पॅकेज त्यांत सहज बसते. खोलीच्या कार्डावर कॅसिनोचा खर्च किती होऊ द्यायचा, शून्यसुद्धा, हे प्रवाशाने तिकीट काढतानाच लिहून द्यावे आणि प्रवास संपेपर्यंत ते बदलता येऊ नये. ज्याने आपल्या देशात नाव नोंदवून स्वतःला दूर ठेवले आहे, त्याची नोंद निशाण कोणतेही असो, बोटीने मानावी. बंदरात बोट लावू देताना ही अट घालण्याचा अधिकार बंदराच्या देशाला आहे, आणि मुंबई हे काही लहान बंदर नाही. इंडियन डर्बी होते ती फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, आणि तेव्हाच बॅलार्ड पियरवरून निघणाऱ्या बोटींचाही भर हंगाम असतो. बारा सागरी मैल म्हणजे बावीस किलोमीटर. तेवढे अंतर कापले जाण्यापूर्वी प्रवाशाकडून एक अर्ज भरून घ्यायला कोणत्याही कंपनीला पुरेसा वेळ मिळतो.