बियाण्याचा उतारा

उताऱ्यावर खातेदाराचें नांव नसेल तर केवढा अनर्थ ओढवतो, हें शेतकरी बंधूंस सांगणें नलगे. तीच गत आतां बियाण्याची होऊं पाहत आहे. पूर्वीं वाण न्यावयाचा तर मूठभर दाणे तरी मागावे लागत. आतां दाण्यांतील जनुकांची अक्षरमाला यंत्रानें वाचून संगणकांत ठेवितात. पुढील पुष्कळ कामांस दाणा लागतच नाहीं. २०१४ सालीं भाताच्या ३,००० वाणांची अक्षरमाला अशीच सर्वांस खुली झाली.

हें ज्ञान खुलें असावें, याविषयीं आमचा वाद नाहीं. अवर्षणांत तगणारा वाण त्यांतूनच लौकर निपजेल. परंतु ज्यांच्या वाडवडिलांनीं तो वाण राखिला, त्यांचें नांव गळूं नये. कोलंबियांतील काली शहराच्या नांवाचा निधि २०२५ च्या फेब्रुवारींत निघाला. अक्षरमालांवर धंदा करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनीं त्यांत नफ्याचा १ टक्का किंवा उत्पन्नाचा ०.१ टक्का भरावा, असें ठरलें. पण सक्ति नाहीं.

आपल्याकडे २००१ च्या कायद्यानें शेतकऱ्यास आपला वाण स्वतःच्या नांवें नोंदवितां येतो. तरी सभासदांनीं गांवोगांवीं जुन्या वाणांची नोंदवही आजच घालावी. नोंद नसलेला हक्क शाबीत करणें किती कठीण, हें आम्हीं दप्तरांत जन्मभर पाहिलें आहे.