उणीव खेळाडूची की संधीची?

येरवड्यातल्या आमच्या वस्तीतला सतरा वर्षांचा एक पोरगा बास्केटबॉलच्या निवड चाचणीला गेला आणि बाद होऊन आला. निवड करणाऱ्यांनी त्याला कारणं सांगितली: उंची आहे, उडी आहे, पण डावा हात चालत नाही, बचावात पाय उशिरा हलतात आणि खेळाची समज कमी आहे.

मित्रांनो, आपली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: "जात बघून काढलं." मीही तेच म्हणालो. मग त्याचा खेळ नीट पाहिला. तिन्ही उणिवा खऱ्या होत्या! पण तो खेळतो कुठे? विहारामागच्या काँक्रीटवर, एका रिंगवर, तीन विरुद्ध तीन. अख्ख्या कोर्टवर पाच जणांच्या संघात तो त्या दिवशी पहिल्यांदाच खेळला. ज्याने दुसरी रिंग पाहिलीच नाही, त्याने मागे धावून बचाव करायचा कुठे शिकायचा? चाचणी खोटी नव्हती, अर्धी होती. उणीव मोजली गेली, तिचं कारण मोजलं गेलं नाही.

ही गोष्ट पुण्याला नवी नाही. 1876 साली जन्मलेले, चर्मकार समाजातले बाळू पालवणकर पुण्यात आधी पारशांच्या क्रिकेट क्लबमध्ये महिना तीन रुपयांवर कामाला होते. नंतर इंग्रजांच्या पूना क्लबमध्ये चार रुपयांवर गेले. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायची. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज त्यांच्या डावखुऱ्या फिरकीवर तासन्‌तास सराव करी. पण बाळू पुढे सांगत, की शेकडो तास गोलंदाजी करूनही त्या क्लबमध्ये त्यांना एकदाही फलंदाजी करू दिली नाही.

आता कल्पना करा, कुणी त्यांचा अहवाल लिहिला असता तर? "गोलंदाजी उत्तम, फलंदाजी कच्ची." शब्द न्‌ शब्द खरा! आणि तरीही केवढा मोठा अन्याय!

पुरावा त्यांच्याच घरात आहे. धाकटा भाऊ विठ्ठल याला शाळा मिळाली, शाळेच्या संघात बॅट मिळाली. तो आघाडीचा फलंदाज झाला आणि 1923 साली चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाचा कर्णधारही. घर तेच, जात तीच. फरक हातात बॅट पडण्याचा.

खुद्द बाळूंनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात, वयाच्या पस्तिशीत, शंभरावर बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या 33 सामन्यांत त्यांचे 179 बळी आहेत. पण पुण्यातल्या हिंदू संघात घेताना सवर्णांनी खळखळ केली. घेतल्यावर चेंडू एकच, चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. कर्णधारपद तर कधीच नाही. मैदानावर ज्यात त्यांची काहीच उणीव नव्हती, तिथे जातच उणीव ठरली.

काही जण म्हणतील, बाळूंचं कौतुक कशाला? 1932 मध्ये ते राजा-मुंजे कराराच्या बाजूने होते, 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसकडून बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. हे लपवायचं कारण नाही. त्यांचं राजकारण आपण नाकारतो. पण त्यांच्या हातात बॅट न देणारी व्यवस्था त्यामुळे निर्दोष ठरत नाही.

उलट बाजूही बघू. अमेरिकेच्या एनबीएत दरवर्षी संघ तरुण खेळाडू निवडतात. त्याआधी प्रत्येकाच्या जमेच्या बाजू आणि उणिवा कागदावर मांडल्या जातात. 2015 साली पंजाबच्या खेड्यातला सतनाम सिंग 52 व्या क्रमांकावर डॅलसच्या संघाने निवडला. भारतात जन्मलेला तो पहिलाच. सात फुटांवर उंची, पण पाय संथ, असं जाणकार म्हणत होते. चौदाव्या वर्षापासून फ्लोरिडातल्या अकादमीत सगळ्या सोयी मिळूनही तो एनबीएचा एकही सामना खेळू शकला नाही. म्हणजे संधी दिली की प्रत्येक उणीव भरून निघतेच असं नाही. पण संधी दिल्यानंतर जी उरते, तीच खेळाडूची खरी उणीव. आधीची सगळी व्यवस्थेची.

म्हणून कार्यकर्त्यांनी दोन कामं करावीत. एक, चाचणीत नापास झालेल्या प्रत्येक मुलाची कारणं लेखी मागा आणि त्यापुढे स्वतः तिसरा रकाना आखा: हे शिकायला त्याला काय मिळालं नव्हतं? तो कागद घेऊन महापालिकेकडे जा. पूर्ण कोर्ट, ठरलेले तास, प्रशिक्षक मागा. "अन्याय झाला" एवढंच म्हटलं की अधिकारी हसतो. "या पोराला आठवड्यातून सहा तास पूर्ण कोर्ट द्या" म्हटलं की त्याला उत्तर द्यावं लागतं.

दोन, आपलं घर तपासा. जयंतीनिमित्त सामने ठेवताना किती मंडळं मुलींचा सामना ठेवतात? संध्याकाळी विहारामागच्या त्या एका रिंगखाली मुली किती दिसतात? आपण त्यांच्या हातात चेंडू देत नाही आणि वर म्हणतो, पोरींना खेळात रस नाही. पूना क्लबच्या साहेबांत आणि आपल्यात मग फरक काय?

तो पोरगा सध्या डाव्या हाताने चेंडू टप्पे खेळवतोय. ते त्याचं काम, ते तो करेल. दुसरी रिंग मिळवणं हे आपलं काम आहे.

जय भीम!